पिकअपच्या चाकात हवा किती असावी?

ऊस विकास विभागाकडून



एरवी या पानावरून आम्ही आपणांशी बेणे, खत, पाणी, हुमणी, खोडवा अशा विषयांवर बोलतो. या खेपेस विषय थोडा निराळा आहे, पण तोही उसाच्या रानापासूनच निघालेला आहे. कार्यक्षेत्रातल्या वाडी-वस्तीवर पूर्वी जिथे बैलगाडी उभी असे तिथे आज पिकअप उभी दिसते. बेणे त्यातून येते, रोपवाटिकेतली रोपे त्यातून येतात, सोसायटीचे खत त्यातून येते, भाजीपाला त्यातूनच बाजाराला जातो. गाडी घेताना सभासद इंजिन पाहतो, ॲव्हरेज विचारतो, हौदा मोजतो. चाकातल्या हवेकडे मात्र टायर फुटल्यावरच लक्ष जाते.

लागणीच्या दिवसांत आम्ही प्लॉटवर जातो तेव्हा बेण्याने भरलेल्या पिकअप पाहतो. हवा किती आहे विचारले तर उत्तर ठरलेले : “टम्म हाय की साहेब, कालच मारलीया.” किती पौंड मारली ते पंक्चरवाल्यास ठाऊक नसते, चालकासही नसते. कोणी चाकाला लाथ मारून पाहतो, कोणी अंगठ्याने दाबून पाहतो. अशा गाडीचा मागचा टायर डांबरी रस्त्यावर फुटला आणि वर मोळ्यांवर लागणीचे मजूर बसलेले असले, तर नुकसान टायरापुरते राहत नाही. म्हणून हा लेख.

हवाच ओझे उचलते

टायर ओझे उचलतो असे आपण म्हणतो. वास्तविक रबर आणि आतले दोरे हे भांडे आहे. ओझे उचलते ती आत कोंडलेली हवा. हवेच्या चाकाचे पहिले पेटंट रॉबर्ट विल्यम थॉमसन या स्कॉटिश गृहस्थाने 1845 साली घेतले, पण त्या वेळी ते मागे पडले. पुढे 1888 साली बेलफास्ट शहरातील जॉन बॉइड डनलॉप यांनी ही कल्पना पुन्हा पुढे आणली. डनलॉप हे व्यवसायाने जनावरांचे डॉक्टर, आणि त्यांनी पहिले चाक बनवले ते आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीसाठी. आपल्याकडील जुन्या सभासदांना आठवत असेल, लोखंडी धावेची लाकडी चाके जाऊन टायरगाडी आली तेव्हा त्याच बैलजोडीने पूर्वीपेक्षा जास्त ऊस ओढला. बैल तेच होते, फरक चाकातल्या हवेचा होता.

ओझे जितके जास्त तितकी ते उचलण्यास हवा जास्त लागते. हवा कमी असेल तर टायर भुईला जास्त टेकतो आणि चाकाच्या प्रत्येक फेऱ्यास त्याची बाजू दबते, उघडते, पुन्हा दबते. तार हाताने वाकवून वाकवून तोडताना वाकण्याच्या जागी ती गरम लागते, हे आपण पाहिलेले आहे. टायराचे तसेच होते. आत उष्णता साठते, रबर आणि दोरे यांची पकड सुटते, आणि एखाद्या दुपारी वेगात असताना टायर फुटतो. कच्च्या वाटेवर गाडी हळू चालते म्हणून तिथे तो टिकतो, डांबरी रस्त्यावर दगा देतो. मग दोष खड्ड्याला किंवा टायरच्या कंपनीला दिला जातो. सुरुवात मात्र घरून निघतानाच झालेली असते.

आकडा कोठे पाहावा?

हवेचा आकडा शेजाऱ्याला विचारून ठरत नाही. शेजाऱ्याची गाडी वेगळी, टायर वेगळा, पासिंगही वेगळे. आपल्या गाडीचा आकडा गाडीवरच असतो.

पहिली जागा म्हणजे चालकाच्या बाजूचे दार उघडल्यावर खांबावर किंवा दाराच्या कडेला चिकटवलेली पट्टी. त्यावर टायरचा साइज, पुढच्या चाकांची हवा आणि मागच्या चाकांची हवा लिहिलेली असते. काही पट्ट्यांवर हलक्या भरणीसाठी व पूर्ण भरणीसाठी असे वेगवेगळे आकडे असतात. दुसरी जागा म्हणजे गाडीबरोबर मिळालेले पुस्तक. जुनी गाडी घेतली असेल, पट्टीवर रंग मारला गेला असेल, पुस्तकही हरवले असेल, तर गाडीचे मॉडेल व टायरचा साइज कागदावर लिहून कंपनीच्या वर्कशॉपमधून आकडा विचारून घ्यावा. मूळ साइजपेक्षा निराळा टायर बसवला असेल तर पट्टीवरच्या आकड्यावर विसंबू नये. त्या टायरसाठी वर्कशॉपमधून किंवा टायरच्या विक्रेत्याकडून भरणीच्या तक्त्यावरून आकडा घ्यावा.

तिसरा आकडा टायरच्या बाजूवर कोरलेला असतो, आणि इथेच पुष्कळांची फसगत होते. ‘मॅक्स. लोड’ व त्यापुढे पौंड असे जे लिहिलेले असते ती त्या टायरची कमाल मर्यादा असते. तोच टायर निरनिराळ्या गाड्यांना बसतो, त्यामुळे तुमच्या गाडीत किती हवा भरावी हे टायर बनवणाऱ्याला माहीत नसते. ते गाडी बनवणारा सांगतो.

पौंडाविषयी एक खुलासा. आपण ज्याला पौंड म्हणतो ते गेजवर ‘पीएसआय’ म्हणून लिहिलेले असते. काही गेजांवर किलोचे आकडे असतात. 1 किलो म्हणजे साधारण 14 पौंड धरावेत. म्हणजे 35 पौंड हे सुमारे अडीच किलो, आणि 65 पौंड हे सुमारे 4.6 किलो झाले. दोन्ही आकडे नीट वाचता आले पाहिजेत.

पुढे आणि मागे सारखी हवा भरण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे. “चारीत चाळीस मार” असे सांगून चालक चहाला जातो. पिकअपच्या पुढच्या चाकांवर इंजिन असते, त्यांचे ओझे फारसे बदलत नाही. मागच्या चाकांवर हौदा असतो आणि भरणी जवळजवळ सगळी तिथेच पडते. म्हणून भरलेल्या गाडीत मागच्या चाकांना पुढच्यापेक्षा पुष्कळ जास्त हवा लागते. चारीत चाळीस मारली तर पुढे जास्त होऊ शकते आणि मागे हमखास कमी पडते.

ओझ्याचा हिशेब

टायरच्या बाजूवर साइजच्या पुढे आणखी एक आकडा असतो. उदाहरणार्थ, ‘195/80 आर 15 एलटी 106/104’. यातील 106 हा भरणीचा निर्देशांक आहे. 106 म्हणजे एक टायर 950 किलो उचलू शकतो. 104 म्हणजे 900 किलो, तो जोडचाकांसाठी असतो. पण हे 950 किलो पुरी हवा असेल तरच. हवा कमी केली की हा आकडा खाली येतो.

आता हिशेबासाठी एक गाडी धरू. समजा चालकासह रिकाम्या गाडीचे वजन 1,650 किलो आहे, त्यापैकी 900 पुढच्या चाकांवर व 750 मागच्या चाकांवर. पासिंग 1,250 किलोचे आहे. एवढी भरणी केली तर तीतील समजा 1,100 किलो मागे व 150 पुढे पडले. मागच्या चाकांवर एकूण 1,850 किलो झाले, म्हणजे एका टायरवर 925. मर्यादा 950 ची. म्हणजे पासिंगाएवढ्या भरणीतच टायर जवळजवळ काठोकाठ भरला. वर आणखी 500 किलो टाकले तर मागच्या प्रत्येक टायरवर सुमारे 220 किलो वाढतात आणि तो 1,145 वर जातो. आता पुरी हवा असूनही टायर मर्यादेबाहेर गेला. हवा कमी असेल तर बोलायलाच नको.

हा हिशेब आपल्या कामाशी ताडून पाहावा. दोन डोळ्यांच्या टिपऱ्यांनी लागण करायची तर एकरी साधारण अडीच ते तीन टन बेणे लागते. म्हणजे वरच्या गाडीला एकरास दोन, कधी तीन खेपा लागतात. आपल्याकडे ते एका खेपेत आणण्याची चढाओढ असते. “जवळच तर जायचंय” असे म्हणून अडीच टन भरले जाते. डीएपीच्या 50 किलोच्या 25 गोण्या म्हणजे 1,250 किलो. युरियाची गोणी 2018 पासून 45 किलोची झाली, त्या 27 गोण्या म्हणजे 1,215 किलो. वाळूचा तर हौद्यावरून अंदाज येतच नाही. अर्धा ब्रास वाळू दोन टनांच्या पुढे जाते.

याउलट रोपांची भरणी. पाच फूट बाय दीड फुटावर लागण केली तर एकरी सुमारे 5,800 रोपे लागतात. 42 कप्प्यांच्या ट्रे धरल्या तर 140 च्या आसपास ट्रे होतात. हौदा गच्च भरलेला दिसतो, पण वजन बेण्याच्या मानाने पुष्कळ कमी असते. तेव्हा हौदा किती भरला यावरून हवा ठरवू नये, वजनावरून ठरवावी.

ज्यांना खात्री करून घ्यायची असेल त्यांनी नेहमीच्या भरणीची गाडी एकदा वजनकाट्यावर न्यावी. आधी सबंध गाडीचे वजन करावे, मग पुढची चाके काट्याबाहेर जमिनीवर काढून केवळ मागची चाके काट्यावर ठेवून वजन घ्यावे. त्याचे निम्मे म्हणजे मागच्या एका टायरवरचे ओझे. चारदोन रुपये खर्च होतील, पण अंदाज कायमचा बसेल.

काही सभासद गाडीचे पाटे वाढवून घेतात. पाटा वाढवला की गाडी बसलेली दिसत नाही, त्यामुळे आणखी भरावेसे वाटते. पण पाटा वाढल्याने टायरची, ब्रेकची किंवा ॲक्सलची ताकद वाढत नाही. शिवाय मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीने जादा भरणीस 20,000 रुपये व वरच्या प्रत्येक टनास 2,000 रुपये असा दंड आलेला आहे. खेप वाचवण्याच्या नादात खेपेचे भाडे तर जातेच, वर पदरचे घालावे लागतात.

हवा केव्हा व कशी मोजावी?

पट्टीवरचा आकडा हा थंड टायरचा असतो. थंड म्हणजे गाडी किमान तीन तास उभी असलेली, किंवा फार तर दीडएक किलोमीटर सावकाश चाललेली. गाडी पळाली की टायर तापतो व आतला दाब वाढतो. तेव्हा गेज जास्त दाखवते, ते स्वाभाविक आहे. “हवा वाढलीया, जरा सोड” म्हणून तापलेल्या टायरची हवा कधीही सोडू नये. संध्याकाळी टायर थंड झाला की तोच टायर कमी हवेचा होतो.

आमची शिफारस अशी :

1. स्वतःचा चांगला गेज घ्यावा व तो गाडीतच ठेवावा. रस्त्याकडेच्या पंपांवरचे गेज आपटून आपटून चुकीचे दाखवू लागतात.

2. आठवड्यातून एकदा सकाळी गाडी हलवण्यापूर्वी पाचही टायर मोजावेत. लांबच्या खेपेच्या आणि बेणे वाहतुकीच्या दिवशी हमखास मोजावेत. चांगल्या टायरमधूनही महिन्याला एकदोन पौंड हवा आपोआप कमी होते. त्याहून जास्त कमी होत असेल तर बारीक पंक्चर किंवा व्हॉल्व्ह तपासावा. साबणाचे पाणी लावले की बुडबुडे दिसतात.

3. पंप घरापासून लांब असेल तर घरीच तूट लिहून घ्यावी. समजा पट्टीवर मागच्या चाकांना 65 आहे आणि सकाळी 58 भरली, म्हणजे 7 ची तूट. पंपावर पोहोचेपर्यंत टायर तापून गेज 62 दाखवत असेल, तर त्यात 7 मिळवून 69 करावी. थंड झाल्यावर ती 65 च्या जवळ येते.

4. एकाच ॲक्सलवरच्या डाव्या-उजव्या टायरांत सारखी हवा ठेवावी. नाहीतर ब्रेक लावताना गाडी एका अंगाला ओढते.

5. व्हॉल्व्हची टोपी हरवू देऊ नये. चिखल व धूळ आत गेली की व्हॉल्व्ह गळू लागतो.

जास्त हवा हाही उपाय नव्हे. काहीजण “फुटायला नको” म्हणून आकड्याच्या वर दहा-पंधरा पौंड मारून ठेवतात. असा टायर मधल्या पट्ट्यावरच टेकतो, रस्त्याची पकड कमी होते, रिकामी गाडी ओल्या रस्त्यावर ब्रेकला घसरते आणि खड्ड्याचा दणका सरळ दोऱ्यांना बसतो. टायर पाहून निदान करता येते : दोन्ही कडा झिजल्या व मध्य शाबूत असेल तर हवा कमी ठेवली गेली, मध्य झिजला व कडा शाबूत असतील तर जास्त. एकच कड झिजली असेल तर मात्र दोष बहुधा अलाइनमेंटचा.

गाडी रानात घालताना

हा भाग आमच्या खात्याचा आहे, म्हणून जरा नेटाने सांगतो. चाक जमिनीला जो दाब देते तो साधारणपणे चाकातल्या हवेच्या दाबाइतका किंवा त्याहून थोडा जास्त असतो. ट्रॅक्टरच्या मागच्या मोठ्या टायरात शेतकामाला साधारण 12 ते 16 पौंड हवा असते, म्हणजे एका चौरस सेंटिमीटरवर सुमारे एक किलो दाब. भरलेल्या पिकअपच्या मागच्या टायरात 65 पौंड असतील तर तोच दाब साडेचार किलोच्या वर जातो. नांगरून, कुळवून, सऱ्या पाडून तयार केलेल्या काळ्या रानात ही गाडी ओल असताना फिरवली, तर चाकोरीखालची माती घट्ट होते, पाणी तिथे मुरत नाही आणि मुळ्या आत शिरत नाहीत. पुढे त्याच पट्ट्यात ऊस पिवळा पडतो आणि सभासद आम्हाला विचारतात, “साहेब, इथंच का मार बसला?”

यावर काहीजण युक्ती करतात. रानात शिरताना मागच्या चाकांची हवा निम्मी सोडतात, काम झाले की तसेच डांबरी रस्त्याला लागतात. ही युक्ती घातक आहे. ओझे तेवढेच राहते आणि ते उचलणारी हवा निम्मी होते. योग्य रीत अशी की भरलेली गाडी पाणंदीवर किंवा बांधाकडेला उभी करावी व तिथून बेणे डोक्यावर किंवा बैलगाडीने सरीपर्यंत न्यावे. गाडी रुतलीच तर आधी माल उतरवावा. निघण्यासाठी हवा थोडी सोडावी लागली तर रिकामी गाडी पायी चालण्याच्या गतीने बाहेर काढावी, आणि हवा पुन्हा पुरी केल्याशिवाय डांबरी रस्त्यावर नेऊ नये.

सभासदांचे काही प्रश्न

*टायर नुसता पाहून हवा कळत नाही का?*
नाही. आताचे रेडियल टायर हवा पुरी असतानाही खाली थोडे फुगलेले दिसतात, आणि बरीच हवा कमी झाली तरी तसेच दिसतात. जुन्या नायलॉन टायरवर बसलेली नजर इथे फसते.

*उन्हाळ्यात हवा कमी भरावी का?*
नाही. पट्टीवरचा आकडा बारमाही आहे. हवामानात 10 अंशांचा फरक पडला की 65 पौंडांच्या टायरात सुमारे अडीच-पावणेतीन पौंडांचा फरक पडतो. म्हणून सुरू लागणीच्या थंडीत भरलेली हवा चैत्रात पुन्हा मोजावी, आणि उन्हाळ्यात भरलेली थंडी पडल्यावर. दोन्ही वेळा सकाळी मोजून आकड्यावर आणावी.

*रिकाम्या गाडीत हवा कमी करावी का?*
पट्टीवर हलक्या भरणीचा वेगळा आकडा असेल तर जरूर करावी, गाडी कमी उडते. रोपांच्या ट्रे आणताना याचा फायदा होतो. पण परत भरणी करण्यापूर्वी हवा वाढवण्याची आठवण राहिली पाहिजे. पट्टीवर एकच आकडा असेल तर तोच ठेवावा.

*नायट्रोजन भरावा का?*
साध्या हवेतच सुमारे 78 टक्के नायट्रोजन असतो. फुकट मिळत असेल तर भरावा, पण त्यामुळे हवा मोजण्याचे काम सुटत नाही.

*स्टेपनीत किती हवा ठेवावी?*
गाडीच्या पट्टीवर जो सर्वांत मोठा आकडा असेल, म्हणजे बहुधा मागच्या चाकांचा पूर्ण भरणीचा, तेवढी. पुढे लावायची वेळ आली तर सोडता येते. आडरानात भरता येत नाही.

*टायर किती जुना हे कसे ओळखावे?*
बाजूवर चार आकडे असतात. 2319 असेल तर 2019 सालचा 23 वा आठवडा. नक्षीच्या खाचेत लहान उंचवटे असतात, त्यांची उंची 1.6 मिलिमीटर असते. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली की टायर गोटा झाला असे समजावे व बदलावा. त्यात हवा बरोबर भरून उपयोग नाही.

शेवटी

सांगण्याचे सार एवढेच की हवेचा आकडा ओझ्यावरून ठरतो, तो गाडीच्या पट्टीवर लिहिलेला असतो आणि तो सकाळी थंड टायरवर गेज लावून पाहायचा असतो. हा आकडा रंगाने प्रत्येक चाकावरच्या पत्र्यावर ठळक लिहून ठेवावा, म्हणजे चालक बदलला तरी विचारावे लागणार नाही.

आणि एक विनंती. बेण्याच्या किंवा खताच्या भरणीवर मजुरांना बसवू नये. कितीही बरोबर हवा भरली तरी खिळा कोणाला सांगून येत नाही. लागणीच्या बायामाणसांसाठी वेगळी खेप करावी, आणि तीही बसण्याची परवानगी असलेल्या गाडीने. त्यांच्या हातांवरच आपली लागण उभी राहते.